'लो सॉल्ट'चा डबा आणि रक्ताचा एक थेंब

आपल्याकडे पान वाढायला घेतले की सगळ्यांत आधी मीठ वाढतात. मग लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि बाकीचे सगळे. माझे बाबा यवतमाळकडचे. वय ७१, मधुमेह पंधरा वर्षांचा, रक्तदाब त्याहून जुना. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले होते आणि अळणी जेवण त्यांच्या घशाखाली उतरत नव्हते. उन्हाळ्यात ते आणि आई सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे आले, तेव्हा मी सुपरमार्केटमधून 'कमी सोडियम'चे मीठ आणले. डब्यावर हृदयाचे चित्र नव्हते, पण माझ्या मनात ते होतेच. आपण बाबांसाठी काहीतरी चांगले करतो आहोत, या समाधानात मी घरातले साधे मीठ कपाटाच्या मागच्या फळीवर ढकलून दिले.

पाचव्या आठवड्यात एका रात्री बाबा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबले. "अरे, पाय उचलत नाहीयेत," म्हणाले. चेहरा फिका पडला होता आणि नाडी फारच मंद लागत होती. ॲम्ब्युलन्स आली, आम्ही ए अँड ईमध्ये पोचलो. रक्ताचा नमुना एका छोट्या यंत्रात गेला आणि काही मिनिटांत आकडा आला. पोटॅशियम ६.७. इथल्या प्रयोगशाळा साधारणपणे ३.५ ते ५.३ ही सीमा धरतात, आणि ६.५ च्या वर गेले की ते तीव्र समजले जाते. ईसीजीमध्येही फरक दिसत होता. लगेच कॅल्शियमचे इंजेक्शन दिले, त्यापाठोपाठ इन्सुलिन आणि ग्लुकोज. पहाटेपर्यंत आकडा खाली आला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या फार्मासिस्ट बाईंनी शांतपणे चौकशी केली. गोळ्या कोणत्या? रक्तदाबासाठी 'सार्टन' गटातली. गुडघ्यासाठी काही घेता? हो, दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन, रोज दोन. आणखी काही? आईने सांगितले, रोज दुपारी शहाळ्याचे पाणी, इथे पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळते ते. मग बाईंनी विचारले, "मीठ कोणते वापरता?" मी अभिमानाने उत्तर दिले आणि वाक्य पूर्ण व्हायच्या आत माझे मलाच उमगले.

त्या डब्यातल्या मिठात सुमारे दोन तृतीयांश पोटॅशियम क्लोराइड होते. ते डब्यावर छापलेले होते. रोज संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून पोट भरणाऱ्या माणसाने डब्याची मागची बाजू वाचली नव्हती.

हा लेख त्या मिठाविरुद्ध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. चीनमध्ये ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर केलेला एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन भाग सोडियम क्लोराइड आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असे मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा मिठाची सशर्त शिफारस केली. पण ती अट महत्त्वाची आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, किंवा ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही अशांना, ही शिफारस लागू नाही. मुले आणि गरोदर स्त्रियाही तिच्यातून वगळल्या आहेत. धडधाकट माणसाला जे औषध, तेच बाबांसारख्याला अपाय. आपल्या पिढीचे आईवडील पाहा. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेले किती, आणि त्यामुळे मूत्रपिंड हळूहळू थकलेले पण त्याचा पत्ता नसलेले किती! बाबांचे मूत्रपिंड निम्म्याहून कमी काम करत होते. ते आम्हाला त्या रात्री कळले.

घरी आल्यावर माझ्या दहा वर्षांच्या मुलीने एक साधा प्रश्न विचारला. "दोन्ही मिठं पांढरीच. दोन्ही खारटच. मग मशीनला कसं कळलं?" या प्रश्नामागे लागून गेले काही महिने मी जे वाचले, त्यातले थोडे तुम्हाला सांगावेसे वाटते. कारण मला वाटते, हे कळलेला माणूस डब्याकडे आणि आकड्याकडे, दोन्हींकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

आधी आम्ही स्वयंपाकघरातच एक प्रयोग केला. टॉनिक वॉटरमध्ये क्विनीन असते, तेच आपल्या आजोबांच्या काळात मलेरियावर द्यायचे ते कडू औषध. नोटा तपासायला दुकानदार वापरतात तो अतिनील किरणांचा छोटा दिवा अंधारात ग्लासावर धरला की पाणी निळे चमकते. हा निळा उजेड जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये नोंदवला आणि केंब्रिजचे जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये या प्रकाराला 'फ्लुओरेसन्स' हे नाव दिले. मराठीत त्याला प्रतिदीप्ती म्हणतात. रेणू डोळ्यांना न दिसणारा प्रकाश गिळतो आणि त्यातली थोडी ऊर्जा खर्च करून उरलेली दिसणाऱ्या रंगात परत देतो. आता त्या ग्लासात चमचाभर साधे मीठ विरघळवा. उजेड मंदावतो. मिठातले क्लोराइड, म्हणजे ऋण भार असलेला आयन, चेतवलेल्या क्विनीनला धडकते आणि त्याची ऊर्जा उजेड होण्याआधीच काढून घेते. म्हणजे टॉनिक वॉटरचा ग्लास हा क्लोराइड ओळखणारा एक ओबडधोबड संवेदक झाला. हा परिणाम खुद्द स्टोक्स यांनीही नोंदवला होता. (मुलांबरोबर करून पाहायचे असेल तर दिव्याकडे थेट पाहू देऊ नका, आणि ते पाणी नंतर ओतून द्या.)

मग मुलीने दुसऱ्या ग्लासात 'लो सॉल्ट' घातले. उजेड जवळजवळ तसाच मंदावला. ती हिरमुसली. "म्हणजे यालाही फरक कळत नाही!" मी म्हटले, कळणारच नाही. दोन्ही मिठांत क्लोराइड आहे आणि हा ग्लास फक्त क्लोराइडच पाहतो. सोडियम आहे का पोटॅशियम, हा प्रश्न आपण त्याला विचारलेलाच नाही. जिभेचेही थोडेफार तसेच. पोटॅशियमच्या मिठाला किंचित कडवट छटा असते, पण वरणात आणि भाजीत ती हळद-तिखटाखाली दडून जाते.

यात एक मोठा धडा आहे. कोणतेही मोजमाप हे एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर असते. प्रश्न चुकीचा असेल तर उत्तर कितीही अचूक असले तरी उपयोग नाही. आमच्या विदर्भातच पाहा. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरींच्या आणि हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळले आहे. लिटरला १.५ मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायले तर दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडेही कडक होऊन वाकतात. पण ते पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड. डोळे आणि जीभ दोन्ही फसतात. तिथे फ्लोराइड हाच ऋण आयन ओळखणारी चाचणी लागते. ऋण आयन ओळखणे तुलनेने अवघडही आहे. ते आकाराने मोठे, त्यांचे घाट निरनिराळे, आणि पाण्याचे रेणू त्यांना असे बिलगून असतात की संवेदकाला जवळ जायला जागाच उरत नाही.

पोटॅशियमचा पेच वेगळा. रक्तात लिटरमागे सोडियम १३५ ते १४५ मिलिमोल आणि पोटॅशियम चार-पाच. म्हणजे तीस सोडियमच्या गर्दीत एक पोटॅशियम. दोघांवर एकच धन भार आणि रासायनिक स्वभाव भावाभावासारखा. फरक मुख्यतः आकारात, पोटॅशियम थोडे मोठे. त्यामुळे सोनार जसे खड्याच्या मापाचे कोंदण करतो, तसे रसायनशास्त्रज्ञ पोटॅशियमच्या मापाचे कोंदण असलेला रेणू तयार करतात. लहान सोडियम त्यात घट्ट बसत नाही. रुग्णालयांतल्या बहुतेक यंत्रांत हे काम इलेक्ट्रोड करतात. त्यांच्या पापुद्र्यात व्हॅलिनोमायसिन नावाचा निसर्गात मिळणारा कड्यासारखा रेणू असतो आणि तो पोटॅशियमला कुशीत घेतो. दुसरा मार्ग प्रकाशाचा आहे, आणि मला तोच जास्त मोहवतो.

या दुसऱ्या मार्गाची कथा आपल्या शेजारच्या देशात सुरू होते. श्रीलंकेत जन्मलेले प्रा. ए. प्रसन्ना डी सिल्वा बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात काम करत आले आहेत. त्यांनी १९८० च्या दशकात अशा संवेदकांची एक साधी रीत मांडली. रेणूचे तीन भाग करायचे. एक भाग उजेड देणारा, एक भाग कोंदणाचा, आणि दोघांना जोडणारा एक छोटा पूल. कोंदण रिकामे असते तेव्हा त्याच्यातला एक इलेक्ट्रॉन पुलावरून उडी मारून उजेड देणाऱ्या भागात जातो आणि उजेड विझवतो. देवघरातल्या निरांजनाची कल्पना करा. शेजारची खिडकी उघडी आहे आणि वाऱ्याने ज्योत टिकत नाही. हवा तो आयन येऊन कोंदणात बसला की जणू पाहुणा त्या खिडकीत बसला. वारा अडतो, ज्योत तेवते. जितके आयन तितक्या पेटलेल्या ज्योती. उजेड मोजला की आयन मोजले. आयन निघून गेला की ज्योत पुन्हा विझते, म्हणून चढउतारही पाहता येतात.

याच तत्त्वावरचे सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियमचे संवेदक 'ओप्टी' नावाच्या लहान रक्तविश्लेषक यंत्रांत वापरले गेले. रुग्णाच्या उशाशी ठेवता येतील एवढी ती यंत्रे. पाण्यात सोडियमच्या गर्दीतूनही पोटॅशियम नेमके ओळखणाऱ्या अशा रेणूवरचा शोधनिबंध २००३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. दिव्याने उजेड टाकायचा, परत आलेला उजेड मोजायचा आणि आकडा सांगायचा, एवढ्यावर माणसाच्या हृदयाचे ठोके अवलंबून असतात.

डी सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आणखी एक काम माझ्या धंद्याच्या जवळचे आहे. १९९३ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी एक रेणू दाखवला. त्यात दोन कोंदणे होती, एक सोडियमसाठी आणि एक हायड्रोजन आयनासाठी. फक्त एक आला तर उजेड नाही. दोन्ही आले तरच उजेड. संगणकाच्या भाषेत हे 'अँड' गेट, म्हणजे 'हे आणि तेही'. मी कॉलेजात सिलिकॉनवर शिकलो ते गणित एक रेणू करत होता.

हे वाचताना मला आमचे स्वयंपाकघर आठवले. सार्टनची गोळी लाखो लोक घेतात आणि सुखाने जगतात. शहाळ्याचे पाणी कोकणात रोज पितात. पोटॅशियमचे मीठ निरोगी माणसाला फायद्याचेच. गुडघ्याला गोळी कोण घेत नाही? यातले एकेक घेऊन बाबांना बहुधा काही झाले नसते. पण थकलेले मूत्रपिंड, आणि सार्टन, आणि आयबुप्रोफेन, आणि शहाळे, आणि ते मीठ, असे सगळे 'आणि' एका ताटात जुळले. शेवटचा 'आणि' मी वाढला. आपल्या घरांत औषधे एक जण पाहतो, बाजार दुसरा करतो, स्वयंपाक तिसरी व्यक्ती करते आणि गुडघ्याची गोळी शेजारचे काका सुचवतात. सगळे धागे एका हातात नसतात. माझे मत असे की खरा धोका कुठल्याही एका वस्तूत नसून या विखुरलेपणात आहे.

आता थोडे पैशाबद्दल, कारण या पानाचे दुसरे अंग तेच आहे आणि माझी दुसरी चूक तिथलीच.

इंग्लंडमध्ये ए अँड ईमधले उपचार पाहुण्यांनाही मोफत असतात. जीपीला भेटणेही मोफत. पण पाहुण्याला वॉर्डात दाखल करून घेतले की त्या क्षणापासून बिल सुरू होते आणि ते एनएचएसच्या ठरलेल्या दराच्या १५० टक्क्यांनी लागते. व्हिजिटर व्हिसावर येणारे आपल्यासारखा हेल्थ सरचार्ज भरत नाहीत, म्हणून हा नियम. तातडीचा उपचार पैशासाठी अडवला जात नाही, पण बिल मागाहून येतेच. ५०० पौंड किंवा त्याहून जास्त रक्कम दोन महिन्यांवर थकली तर ती होम ऑफिसला कळवली जाऊ शकते आणि आईवडिलांचा पुढचा व्हिसा त्यामुळे अडू शकतो. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत, तिकडच्या मंडळींनी ते पाहून घ्यावेत.

बाबांचा प्रवास विमा मी घेतला होता. स्वस्तातला, दहा मिनिटांत, फोनवर. 'पूर्वीचे आजार' या रकान्यात रक्तदाब आणि मधुमेह लिहिला तर हप्ता वाढतो असे दिसले, म्हणून मी पुन्हा मागे गेलो आणि 'नाही' दाबले. मूत्रपिंडाचे तर मला माहीतच नव्हते. दावा नामंजूर झाला. विमा कंपनीला दोष देता येत नाही, खोटे मी लिहिले होते. दोन रात्रींचे बिल चार आकडी आले. रुग्णालयाच्या परदेशी पाहुण्यांच्या विभागाशी बोलल्यावर त्यांनी हप्ते बांधून दिले, म्हणून निभावले. हप्त्यात वाचवलेले पौंड आणि नंतर मोजलेले पौंड यांचा हिशेब मी इथे मांडत नाही, लाज वाटते.

यातली खरी विसंगती अशी की ज्या तपासणीने हे सगळे टळले असते, ती अगदी साधी आहे. रक्तातले क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला ईजीएफआर, आणि सोडियम-पोटॅशियम. भारतात कुठल्याही तालुक्याच्या गावी ती काही शे रुपयांत होते. आम्ही त्यांच्यासाठी विमानात व्हीलचेअर मागितली, थर्मल घेतले, लोणच्याच्या बरणीला तीन प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या. रक्ताची एक तपासणी मात्र कोणाला सुचली नाही.

त्याच वेळी आपल्या मंडळातल्या काही घरांत मी पाहतो, मधुमेह नसलेली तिशी-चाळिशीची माणसे हौसेने दंडावर ग्लुकोजचा संवेदक लावून हिंडतात आणि दर पंधरवड्याला नवा विकत घेतात. ज्यांना टाइप १ मधुमेह आहे त्यांच्यासाठी हे उपकरण वरदान आहे, आणि मार्च २०२२ पासून नाईस या संस्थेने अशा सर्व प्रौढांना ते एनएचएसमधून देऊ करण्याची शिफारस केली आहे. इन्सुलिन घेणाऱ्या टाइप २ च्या काही रुग्णांनाही ते मिळते. पण निरोगी माणसाने पुरणपोळीनंतरचा आलेख पाहून घाबरण्यात काय हशील? दंडावरचा बहुतेक संवेदक एन्झाइम आणि विजेवर चालतो. कातडीखाली बसवायचा, प्रतिदीप्तीवर चालणारा संवेदकही आता निघाला आहे. दोन्ही ग्लुकोज पाहतात आणि तेही रक्तातले नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातले, काही मिनिटे मागे असलेले. मूत्रपिंडाबद्दल ते अवाक्षर बोलत नाहीत. त्या पैशात आधी आईवडिलांचा नीट विमा घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. स्वतःसाठी म्हणाल तर इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या, हृदयविकार किंवा मधुमेहासारखे निदान आधी न झालेल्या लोकांना दर पाच वर्षांनी एनएचएस हेल्थ चेक मोफत मिळतो. आमंत्रणाचे ते पत्र फ्रिजवर चुंबकाखाली पिवळे पडू देऊ नका.

आकड्याबद्दलही एक सावधगिरी. यंत्रही फसते. रक्त काढताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्या आतले पोटॅशियम बाहेर येते आणि आकडा खोटाच वाढतो. म्हणून डॉक्टर ईसीजी पाहतात, नमुना पुन्हा घेतात. एका आकड्यावर घाबरू नये आणि एका आकड्यावर निश्चिंतही होऊ नये. आणि हा लेख वाचून कोणी सार्टनची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ती मूत्रपिंडाचे आणि हृदयाचे रक्षण करते, म्हणूनच दिलेली असते. बाबांची गोळीही पूर्ण बंद झाली नाही. डॉक्टरांनी मात्रा कमी केली, आयबुप्रोफेन थांबवले, आणि ठराविक दिवसांनी रक्त तपासायला सांगितले.

माझ्या सूचना चार. पहिली, आईवडील निघण्याआधी तिकडे मूत्रपिंडाची आणि पोटॅशियमची तपासणी करून घ्यावी आणि तो कागद त्यांच्या औषधांच्या यादीसह पासपोर्टबरोबर ठेवावा. दुसरी, विम्याच्या अर्जात सगळे आजार खरे लिहावेत, हप्ता वाढला तरी. तिसरी, घरातल्या एका माणसाने तरी गोळ्या, दुकानातून आणलेली औषधे, काढे, मीठ आणि शहाळे हे सगळे एका कागदावर लिहून फार्मासिस्टला दाखवावे. इथल्या फार्मासिस्टला विचारायला अपॉइंटमेंट लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. रात्री-अपरात्री शंका आली तर १११ आहे. पण अचानक पाय गळाले, छातीत धडधडले किंवा शुद्ध हरपू लागली तर वाट न पाहता ९९९.

चौथी सूचना आपल्या मंडळासाठी. गणपतीला आणि दिवाळीला आपण सगळे मिळून स्वयंपाक करतो. गेल्या दोन-तीन वर्षांत ज्येष्ठांसाठी 'कमी मिठाचे' पदार्थ वेगळे ठेवण्याची चांगली पद्धत पडली आहे. त्या पाटीवर एक ओळ वाढवावी, मीठच कमी घातले आहे का पोटॅशियमचे मीठ वापरले आहे. माझे विचाराल तर मंडळाच्या स्वयंपाकात साधेच मीठ, पण कमी घालावे आणि लिंबू, कोकम, जिरे, ओली मिरची, कोथिंबीर सढळ हाताने वापरावी. शंभर पानांच्या पंगतीत कोणाचे मूत्रपिंड कसे आहे हे आपल्याला ठाऊक नसते, बहुधा त्यांनाही नसते.

आणखी एक विचार मनात येतो. आपण मुलांना डॉक्टर करतो, नाहीतर माझ्यासारखे संगणकवाले. पण डॉक्टरने त्या रात्री ज्या आकड्यावर विश्वास ठेवून उपचार केले, तो आकडा काढणारे कोंदण कोणा रसायनशास्त्रज्ञाच्या पिढीने घडवले होते. आपल्याच भूखंडातून आलेला एक माणूस बेलफास्टमध्ये बसून रेणूंना दिवे लावत होता. माझी मुलगी परवा म्हणाली, तिला पोटॅशियम पाहणारा ग्लास बनवायचा आहे. मी तिला 'आधी इंजिनिअरिंग कर' असे म्हटले नाही.

बाबा ऑक्टोबरमध्ये परत गेले. निघण्याच्या आदल्या दिवशी आईने पान वाढले, वर डावीकडे चिमूटभर मीठ, साधे. बाबा हसून म्हणाले, "एवढंच? आपल्या घरचं मीठ मोजून वाढायला लागलीस होय!" आई म्हणाली, "मोजूनच वाढणार आता." तो डबा मी अजून टाकलेला नाही. मागची बाजू पुढे करून तो फळीवर ठेवला आहे, रोज वाचता येईल असा.